पुतळ्यांचा साचा : तेरणेकाठची माती आणि ओव्हनमधली बाहुली

पॉलिमर क्ले या नावाने विकल्या जाणाऱ्या रंगीत, मऊ वड्यांमध्ये खरी माती असलीच तर ती भर म्हणून मिसळलेल्या पांढऱ्या केओलिनच्या भुकटीपुरतीच असते; बाकीचा पदार्थ म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, अर्थात पीव्हीसी, या प्लास्टिकची अतिशय बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य आणि रंग यांचे मिश्रण होय. ज्या पीव्हीसीच्या पाइपांमधून लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शेतांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी फिरते, तेच प्लास्टिक इथे बाहुलीच्या गालांचे, कानातल्या फुलांचे आणि गळ्यातल्या मण्यांचे रूप घेते. तेलकट द्रव्याला प्लास्टिसायझर म्हणतात. ते प्लास्टिकच्या कणांभोवती राहून त्यांना एकमेकांवरून घसरू देते, म्हणून ही वडी कणकेसारखी मळता येते. ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत हेच द्रव्य कणांच्या आत शोषले जाते, कण फुगून एकमेकांत मिसळतात आणि वस्तू थंड झाल्यावर एकसंध, टणक, तरीही किंचित लवचिक होते. घरातल्या लहान विद्युत भट्टीत, म्हणजे केक भाजण्याच्या ओटीजीमध्ये, एवढी उष्णता सहज मिळते, आणि या माध्यमाच्या प्रसाराचे खरे कारण तेच आहे.

या माध्यमाचा जन्म बाहुल्यांच्याच कारखान्याशी जोडलेला आहे. जर्मनीत केटे क्रूसे या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाताने रंगवलेल्या कापडी बाहुल्यांचा व्यवसाय उभारला होता. बाहुल्यांची डोकी घडवण्यासाठी पर्यायी पदार्थांचा शोध चालू असताना एक प्लास्टिकचे मिश्रण त्यांच्या हाती आले, ते कारखान्याच्या उपयोगी पडले नाही, परंतु त्यांची मुलगी सोफी, जिला घरात फिफी म्हणत, तिने त्यावर काम करून ते हातकामासाठी विकायला आणले. १९६०च्या दशकात एबरहार्ड फाबर या पेन्सिल बनवणाऱ्या कंपनीने ते विकत घेतले आणि फिमो या नावाने बाजारात आणले. त्याच सुमारास अमेरिकेत विद्युत रोहित्रांमधील, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधील, उष्णता वाहून नेण्यासाठी तयार केलेले असेच एक मिश्रण त्या कामात निरुपयोगी ठरले आणि पुढे स्कल्पी या नावाने हस्तकलेच्या दुकानांत पोहोचले. औद्योगिक गरजेसाठी घडलेले आणि उद्योगाने नाकारलेले हे दोन पदार्थ आज जगभरच्या घरगुती दागिन्यांचे माध्यम झाले आहेत.

भारतातही या वड्या आता घरपोच येतात, त्यांच्याबरोबर परदेशी कारागिरांच्या चित्रफिती येतात, आणि त्यांच्याबरोबर त्या चित्रफितींतले विषयही येतात: केकचा तुकडा, डोनट, गुलाबी ससा, हिवाळी टोपी घातलेली बाहुली. लातूर किंवा नांदेडमध्ये बसून हिमवर्षावातली बाहुली घडवण्यात गैर काही नाही. हाताला वळण लागण्यासाठी नक्कल हा सर्वांत जुना मार्ग आहे. प्रश्न उरतो तो नक्कल कुठे थांबते आणि तिच्यापुढे काय घडते याचा, आणि या प्रश्नाचे एक फार जुने, फार समर्थ उत्तर लातूरच्या शेजारीच, तेरणा नदीच्या काठी पडलेले आहे.

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या ढोकीपासून जवळ असलेले तेर हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात येते. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूरही त्याच जिल्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचा, भाग होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या, ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागरप्रवासाच्या मार्गदर्शिकेत पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नावाच्या फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे, आणि तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेले जात असे, असेही त्यात म्हटले आहे. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट या विद्वानाने १९०१ साली मांडले. हेन्री कझेन्स यांनी त्यानंतर लगेचच तेथील अवशेषांची नोंद केली, आणि १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. मात्र तेरच्या वैभवाचा फार मोठा भाग पुरातत्त्वज्ञांच्या कुदळीआधी गावकऱ्यांच्या नजरेला पडला. पावसाने पांढरीच्या टेकाडांची, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या ढिगांची, धूप झाली की मणी, बांगड्यांचे तुकडे आणि मातीच्या मूर्ती उघड्या पडत, आणि तेरचेच रहिवासी असलेल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षे वेचून जपल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. अशा वस्तू कोणत्या थरातून आल्या हे कळत नसल्याने त्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांना अडचण येते, हे खरे. पण त्या वेचल्या गेल्या नसत्या तर नांगराखाली त्यांचा चुराच झाला असता.

या संग्रहातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती, म्हणजे भाजलेल्या मातीच्या लहान मूर्ती, नीट पाहिल्या तर त्या एकेकट्या हाताने घडवलेल्या नाहीत हे लक्षात येते. त्यांपैकी अनेक मूर्ती केओलिनच्या पांढऱ्या, अतिशय बारीक पोताच्या मातीच्या असून त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. दुहेरी साचा म्हणजे मूर्तीच्या पुढच्या आणि मागच्या अंगाचे दोन वेगळे साचे. प्रत्येकात ओल्या मातीचा पातळ थर बोटांनी दाबून बसवायचा, थोडी सुकल्यावर दोन्ही अर्धुके पातळ घोळवलेल्या मातीने एकमेकांना चिकटवायची, सांध्यावरची जास्तीची माती खरवडून काढायची आणि मूर्ती आतून पोकळ ठेवून हवा निघून जाण्यासाठी एक छिद्र राखायचे. भरीव मूर्ती भट्टीत तडकते, कारण तिच्या पोटातले पाणी वाफ होऊन बाहेर पडताना वाट शोधते. पोकळ मूर्तीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असल्याने ती सारखी सुकते, सारखी भाजते आणि वजनालाही हलकी राहते. ही पद्धत रोमशी असलेल्या व्यापारी संपर्कातून दख्खनमध्ये रुजली असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. तंत्र परके असले तरी मूर्तीतली स्त्री परकी नाही: तिचा भरगच्च केशसंभार, कानातली जड आभूषणे, गळ्यातले पदर आणि कमरेची मेखला ही दख्खनी आहे.

याच गावात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या मूर्तीशी दाखवले जाते. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती भारतीय मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचलेली होती. मालाची ये-जा दोन्ही दिशांनी चालू होती, हा त्याचा सरळ अर्थ.

तथापि दागिन्यांच्या दृष्टीने तेरची सर्वांत बोलकी वस्तू हस्तिदंताची नसून मातीची आहे. पुरातत्त्वाच्या लिखाणात ज्यांना बुला म्हणतात त्या या मातीच्या गोल चकत्या रोमन नाण्यांच्या नकला आहेत. त्यांवर रोमन सम्राटाच्या मुखाचा ठसा असतो, आणि दोऱ्यात ओवण्यासाठी भोक किंवा कडी असते. तेरप्रमाणेच तेलंगणातील कोंडापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथेही त्या मिळाल्या आहेत. सोन्याचे रोमन नाणे गळ्यात घालणे ज्यांना परवडत होते त्यांनी ते घातले, आणि ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी कुंभाराने किंवा त्याच्यासारख्या कोणा कारागिराने तेच नाणे मातीत उमटवले. इमिटेशन ज्वेलरी म्हणून आज जो धंदा ओळखला जातो, तो मराठवाड्याच्या या टापूत दोन हजार वर्षांपूर्वी चालू होता असे म्हणायला हरकत नाही. पुढे कितीतरी शतकांनी मराठी गळ्यात पुतळ्यांची माळ आली, तिच्या गोल, ठसा उमटवलेल्या चकत्यांचा उगमही व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांकडे नेला जातो. नाणे परके, ओवणी आपली, आणि काही पिढ्यांनंतर ते परके होते हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

पॉलिमर क्लेच्या कारागिराला या चकत्यांपासून थेट शिकता येते, कारण त्याचे तंत्र मुळात तेच आहे. मूळ वस्तूवर सिलिकॉन या रबरासारख्या पदार्थाचा साचा घ्यायचा, साच्याला किंचित मक्याचे पीठ लावायचे म्हणजे क्ले चिकटत नाही, मग वडीतला लहान गोळा सुरकुत्या राहणार नाहीत असा तळहातांत गोल करून साच्याच्या मध्यभागी ठेवायचा आणि मध्याकडून कडेकडे दाबत न्यायचा. कडेकडून दाबले तर हवा मध्यभागी अडकते आणि भाजताना तिथे फोड येतो. मागची बाजू ब्लेडने सपाट कापून घेतली, सुईने ओवणीचे भोक पाडले आणि साचा उलटा वाकवून चकती अलगद सोडवली की पुतळी तयार झाली. भोक भाजण्याआधी पाडावे. भाजल्यावर ते बारीक गिरमिटाने पाडता येते, पण कडेला फार जवळ गेले तर कपचा उडतो. चकतीच्या उंच भागावर बोटाच्या टोकाने सोनेरी अभ्रकाची पूड, जिला मायका पावडर म्हणतात, हलकेच फिरवली की ठसा उठून दिसतो आणि खोलगट भाग गडद राहतो. बाजारात सर्वसाधारणपणे ५७ ग्रॅमची एक वडी मिळते. दीड-दोन ग्रॅमच्या पातळ पुतळ्या केल्या तर एका वडीत एका माळेचा हिशेब बसतो.

भाजण्याच्या बाबतीत मात्र जुन्या आणि नव्या मातीचे मार्ग पूर्णपणे वेगळे होतात. कुंभाराच्या आव्यात, म्हणजे गोवऱ्या, पाचट आणि लाकूड रचून केलेल्या भट्टीत, उष्णता साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत चढते, आणि सुमारे ५५०-६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती माती पुन्हा कधीही चिखल होऊ शकत नाही. पॉलिमर क्लेत असा कायापालट घडत नाही, ती आधीपासूनच प्लास्टिक असते आणि भाजल्यावर एकसंध प्लास्टिक होते. म्हणून तिच्या पक्केपणाची परीक्षाही वेगळी. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे हे त्यांनी सांगितल्याची आख्यायिका मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यामागची कारागिरी खरी आहे, कारण पक्के मडके खणखणते आणि कच्चे भद्द वाजते. पॉलिमर क्लेचा मणी वाजवून काही कळत नाही. त्याची पातळ पट्टी वाकवून पाहावी लागते. पूर्ण भाजलेली पट्टी वाकते आणि सावकाश पूर्वपदावर येते, अर्धवट भाजलेली कडकन तुटते. घरगुती कामातले बहुतेक तुटलेले कानातले कमी भाजल्यामुळे तुटलेले असतात, जरी दोष सहसा वडीच्या माथी मारला जातो.

कंपनीने पाकिटावर छापलेले तापमान आणि सुमारे ६ मिलिमीटर जाडीला १५ ते ३० मिनिटे, हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु लहान ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत अंतर पडते, म्हणून भट्टीत ठेवायचा वेगळा तापमापक ही या कामातली पहिली खरेदी असावी, क्ले लाटण्याचे पास्ता मशीन नंतर घेतले तरी चालते. वस्तू फरशीच्या साध्या टाइलवर कागद अंथरून ठेवल्यास खालून चटका बसत नाही. तापमान फार चढले, साधारण १७५ अंशांच्या पुढे गेले, तर पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा वायू सुटतो. त्यामुळे मायक्रोवेव्ह वर्ज्य, खिडकी उघडी, आणि ज्या सुऱ्या-लाटण्यांनी क्ले हाताळली ती पुन्हा स्वयंपाकात नेऊ नयेत.

मराठवाड्याच्या हवेचा एक धडा कोणत्याही परदेशी चित्रफितीत मिळत नाही. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या कुरिअरच्या गाडीत उष्णता त्याहूनही वाढते, आणि अशा उष्णतेत अनेक दिवस पडलेली वडी पाकिटातच थोडीथोडी पिकू लागते. बाहेरून ती ठीक दिसते, पण मळायला घेतली की भुगा होतो. तिच्यात खनिज तेलाचे किंवा त्या कामासाठी मिळणाऱ्या द्रवाचे दोन-चार थेंब घालून ती पुष्कळदा सावरता येते. तरीही होळीनंतर माल मागवू नये आणि असलेला माल फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, हे बरे. साठवणीचा डबाही पारखून घ्यावा, कारण वडीतले तेलकट द्रव्य काही कडक, पारदर्शक प्लास्टिकांना विरघळवते आणि डब्याच्या तळाला वडी चिकटून बसते. पॉलिप्रॉपिलीनचा, तळाशी ५ हा आकडा असलेला डबा सुरक्षित. दुसऱ्या बाजूला या माध्यमाला पाणी लागत नाही, ही गोष्ट ज्या शहराला मिरजेहून निघालेल्या रेल्वेने १२ एप्रिल २०१६ रोजी पाच लाख लिटर पाणी आणून द्यावे लागले, त्या लातुरात अगदीच क्षुल्लक म्हणता येणार नाही.

बाहुली घडवताना हे सारे नियम एकत्र कामाला येतात. वीत-दीड वितीची बाहुली भरीव क्लेची कोणीही करत नाही. तारेचा सांगाडा, त्यावर घट्ट दाबलेल्या अॅल्युमिनिअम फॉइलचा गाभा आणि त्यावर सारख्या जाडीचा क्लेचा थर, असा तिचा देह असतो, आणि तेरच्या पोकळ मूर्तीमागचे जाडीचे तत्त्वच इथे वेगळ्या मार्गाने पाळले जाते. चेहरा आधी घडवून भाजून घ्यायचा, मग त्यावर पापण्या, केस, नथ चढवून पुन्हा भाजायचे. पॉलिमर क्ले अनेकदा भाजता येते ही तिची मोठी सोय आहे, जी कुंभाराला कधीच नव्हती. एपॉक्सी क्ले या प्रकाराशी मात्र तिची गल्लत होऊ नये. शिल्पकार किंवा मोल्डइट या नावांनी स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारा तो दुहेरी गोळा राळ आणि कठीण करणारे रसायन एकत्र मळल्यावर आपोआप घट्ट होतो, त्याला भट्टी लागत नाही, पण घाई फार लागते.

बाहुल्यांची परंपरा या प्रदेशाला नवी नाही. नांदेडच्या पूर्वेला निर्मळ हे गाव पोनिकी नावाच्या मऊ लाकडाच्या रंगीत खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. ते आज तेलंगणात असले तरी १९५६पर्यंत नांदेड, निर्मळ आणि लातूर ही तिन्ही गावे हैदराबाद राज्यातच होती. हैदराबादच्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या तर पॉलिमर क्लेच्या थेट पूर्वज म्हणाव्यात अशा आहेत, कारण लाख हे कीटकांनी स्रवलेले, उष्णतेने मऊ होणारे नैसर्गिक पॉलिमरच होय. पण घरगुती बाहुलीचा सर्वांत भव्य प्रसंग म्हणजे भाद्रपदातल्या महालक्ष्म्या. मराठवाड्यात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना याच नावाने ओळखतात. अनुराधा नक्षत्रावर त्या घरी येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर त्यांचे विसर्जन होते. पितळेचे, शाडूचे किंवा प्लास्टरचे मुखवटे, स्टँडवर नेसवलेल्या लुगड्यांच्या निऱ्या, पुढ्यात त्यांची पिलवंडे, म्हणजे दोन लेकरे, आणि अंगभर दागिने अशी ही मांडणी असते. तिच्यासाठी लागणारी ठुशी, पुतळ्यांची माळ, बोरमाळ, बाजूबंद आणि कानातली फुले आज बहुतेक घरांत बाजारातल्या पत्र्याच्या आणि प्लास्टिक मण्यांच्या असतात. दुसऱ्याच वर्षी काळ्या पडतात. हलके, न काळवंडणारे, हाताने घडवलेले, आणि वर्षभर डब्यात बंद राहूनही न बिघडणारे दागिने हवेत अशी याहून नेमकी मागणी पॉलिमर क्लेच्या कारागिराला कोण देणार? पोळ्याचे बैल मात्र मातीचेच राहू द्यावेत. जे विसर्जित करायचे, शेतात किंवा पाण्यात सोडायचे, त्यासाठी हे माध्यम चुकीचे आहे, कारण ते विरघळत नाही आणि कुजत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकवायच्या वस्तूंसाठीच त्याचा वापर समर्थनीय ठरतो.

खेळण्यांच्या बाबतीत कायद्याची बाजूही आहे. प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यांपैकी थॅलेट या गटातल्या काही रसायनांवर युरोपीय संघाने २००५च्या निर्देशाने खेळण्यांत निर्बंध घातले आणि मोठ्या कंपन्यांनी आपली मिश्रणे त्यानुसार बदलली. तथापि नाव नसलेल्या स्वस्त वडीत काय आहे हे तिच्या पाकिटावरून कळत नाही. भारतात १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले असून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. नोंदणी नसलेल्या घरगुती कारागिराने आपली बाहुली शोभेची म्हणून घडवावी, शोभेची म्हणून विकावी आणि लहान मुलांच्या तोंडात जाईल असा मणी तिच्यावर लावू नये.

उरते नकलेची गोष्ट. तेरच्या कारागिरांनी रोमचे नाणे उचलले, रोमचा साचाही उचलला असावा, पण त्या साच्यातून जी स्त्री बाहेर काढली तिचे दागिने त्यांनी आपल्या बायकांच्या अंगावरून घेतले. डोनटच्या कानातल्यांनी हात बसला असेल तर आता पुढची पायरी चढायला हवी, आणि तिच्यासाठी लागणारे नमुने परदेशातून मागवावे लागत नाहीत. लातूर आणि नांदेडच्या कला महाविद्यालयांनी, शाळांतल्या चित्रकला शिक्षकांनी आणि हस्तकलेचे काम करणाऱ्या बचत गटांनी आपापल्या मुलींना एकदा तेरच्या लामतुरे संग्रहालयात न्यावे, वही-पेन्सिल घेऊन न्यावे, आणि कपाटांतल्या त्या लहान मूर्तींच्या कानांची, गळ्यांची आणि केसांची रेखाटने करवून घ्यावीत. पुढच्या भाद्रपदाआधी त्यांतल्या एखाद्या कानातल्याचा साचा तयार व्हायला वेळ पुरेसा आहे.